पासवर्ड एक, हात पाच: दुकानाच्या खात्यांची चावी कोणाकडे?



या आठवड्याचा व्हिडिओ दुकानातल्या लॉगिन-पासवर्डवर होता. तो बघितला नसेल तरी हरकत नाही, हा लेख एकटाही वाचता येईल. व्हिडिओत मी एक गोष्ट सांगितली नाही. कॅमेऱ्यासमोर सांगायला जड गेली. इथे लिहितो, कारण चूक माझी होती आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

पिरंगुटला माझं हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. बीबीए झालो, दोन वर्षं नोकरी केली, मग वडिलांचं छोटं दुकान वाढवलं. तेव्हा कॉम्प्युटरला हात लावणारे आम्ही पाच जण होतो: मी, माझा चुलतभाऊ, काउंटरवरची दोन मुलं आणि हिशोब बघायला येणाऱ्या एक ताई. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला लॉगिन मात्र एकच, नाव 'ॲडमिन'. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली. जो काउंटरवर बसेल तो बिल करेल, इतका साधा कारभार.

२०२२ च्या पावसाळ्यात स्टॉक मोजला तर माल कमी भरला. शोधता शोधता कळलं की जून-जुलैत अकरा बिलं बनवून नंतर रद्द केली होती. गिऱ्हाईक रोख पैसे देऊन माल घेऊन गेलं, मागून बिल उडवलं गेलं आणि पैसे गल्ल्यात आलेच नाहीत. एकूण ४१ हजार ३०० रुपये. कुणी केलं ते सॉफ्टवेअरमध्ये बघितलं, तर अकराच्या अकरा बिलांपुढे एकच नाव: ॲडमिन.

आता ॲडमिन म्हणजे कोण? पाचही जण. मीसुद्धा.

मग मी तेच केलं जे आपण रागात करतो. जो मुलगा काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ बसायचा, त्याच्यावर संशय घेतला. धरणाच्या बाजूच्या एका गावातून तो रोज एसटीने यायचा. तो म्हणाला, "दादा, मी नाही केलं." मी म्हणालो, "मग कुणी केलं ते सांग." ते तो बिचारा कुठून सांगणार? गणपतीच्या आधी मी त्याला कामावरून काढलं.

मार्चमध्ये वर्षाचा हिशोब बंद करताना ताईंनी त्या अकरा बिलांची यादी आणि हजेरीची वही शेजारी-शेजारी ठेवली. अकरातली चार बिलं ज्या आठवड्यात रद्द झाली होती, त्या आठवड्यात तो मुलगा सुट्टीवर होता. भातलावणीला. आपल्या मुळशीत लावणीची सुट्टी कुणी नाकारत नाही, मीच दिली होती. तो तिकडे गुडघाभर चिखलात उभा होता आणि इकडे 'ॲडमिन' बिलं उडवत होता.

म्हणजे ती चार बिलं त्याची नव्हती, हे नक्की. बाकीची सात कुणाची? ते आजही मला कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही.

मित्रांनो, एकच पासवर्ड सगळ्यांना दिला की चोराला लपायला जागा मिळते, हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्याच पासवर्डमुळे प्रामाणिक माणसाकडे आपला खरेपणा दाखवायला काहीच उरत नाही. आजचा सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे.

आधी मोजा: तुमच्या धंद्याची खाती किती?

"माझा धंदा छोटा आहे, मला कसली खाती?" असं म्हणणाऱ्याला मी वही-पेन देतो. चला, तुम्हीही लिहा. बिलिंगचं सॉफ्टवेअर. दुकानाचा ईमेल. व्हॉट्सॲप बिझनेस. गूगल मॅपवरची दुकानाची नोंद. फेसबुक-इन्स्टाग्रामचं पेज. यूपीआयचं व्यापारी ॲप. नेट बँकिंग. जीएसटी पोर्टल. ई-वे बिल पोर्टल. कुरिअरचं खातं. सीसीटीव्हीचं ॲप. वायफायचा राउटर. वेबसाइट असेल तर तिचं डोमेन आणि होस्टिंग. पिठाच्या गिरणीवाल्याचीसुद्धा सात-आठ खाती सहज निघतात.

आता प्रत्येकापुढे लिहा: हे कोण कोण वापरतं? पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात. ओटीपी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर येत असतो.

या यादीत दोन जातीची खाती असतात. एक माणसाचं खातं: तुमचा स्वतःचा फोन, तुमचा स्वतःचा ईमेल. दुसरं कामाचं खातं: ते कुणा एकाचं नसतं, दुकानाचं असतं आणि चार जण ते वापरतात. कॉम्प्युटरच्या जगात याला शेअर्ड अकाउंट म्हणतात. त्यातलंच आणखी एक म्हणजे सर्व्हिस अकाउंट. ते माणूस वापरतच नाही, मशीनच वापरतं. उदाहरणार्थ, तुमचं सॉफ्टवेअर रोज रात्री आपोआप बॅकअप कुठेतरी चढवतं, किंवा वेबसाइट पेमेंट कंपनीशी बोलते, त्यासाठी एक खातं किंवा गुप्त की दिलेली असते. ती कुणीतरी एकदा सेट करतो आणि सगळे विसरून जातात. अडचण नेमकी याच दोन प्रकारांत होते. माणसाच्या खात्याला मालक असतो. कामाच्या खात्याला सगळेच मालक, म्हणजे कुणीच नाही.

हीच चूक बँकेत झाली तर?

तुम्हाला वाटेल, ही छोट्या दुकानदारांची गबाळगिरी आहे, मोठ्या ठिकाणी असं होत नसेल. मग मुंबईतलं एक उदाहरण घ्या.

१४ फेब्रुवारी २०१८ ला पंजाब नॅशनल बँकेने शेअर बाजाराला कळवलं की फोर्टमधल्या तिच्या ब्रॅडी हाउस शाखेत सुमारे ११ हजार ४०० कोटी रुपयांचे बेकायदा व्यवहार सापडले आहेत. हिरे व्यापारी नीरव मोदी प्रकरण म्हणून आपण ते ओळखतो. पुढे हा आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला.

त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच: परदेशातल्या बँकांना "या व्यापाऱ्याला कर्ज द्या, हमी आमची" असे निरोप स्विफ्ट नावाच्या यंत्रणेतून जायचे. असा निरोप एकट्याने पाठवायचा नसतो. एक जण लिहितो, दुसरा तपासून मंजूर करतो. बँकेच्या भाषेत मेकर आणि चेकर. आपल्या बचत गटाचं खातं कसं, एकटीच्या सहीने पैसे निघत नाहीत, दोघींच्या सह्या लागतात. तसंच.

पण तपासात पुढे आलेला आरोप असा की शाखेत दुसऱ्यांचे पासवर्ड वापरून हे निरोप गेले. आता विचार करा, दोन सह्या लागतात म्हणून दोन किल्ल्या केल्या, आणि दोन्ही किल्ल्या एकाच हातात आल्या. कागदावर दोन माणसं, खुर्चीवर एकच. भरीला त्या वेळी स्विफ्टची यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशोबाच्या प्रणालीला जोडलेली नव्हती. त्यामुळे निरोप जायचे, पण हिशोबाच्या वहीत त्यांची नोंदच उमटायची नाही. २०११ पासून हे चालू होतं आणि २०१८ च्या जानेवारीत उघड झालं.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की ऑगस्ट २०१६ पासून निदान तीन वेळा बँकांना स्विफ्टच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. म्हणजे नियम होता, इशाराही होता. कुलूप चांगलंच होतं. किल्ली फिरत होती.

माझ्या दुकानातल्या ४१ हजारांची या प्रकरणाशी बरोबरी होत नाही. पण दोन्हीकडे भोक एकाच जागी होतं: नाव एकाचं, हात दुसऱ्याचा.

हिंजवडीच्या मित्राने सांगितलेली युक्ती

हिंजवडीचं आयटी पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात. माझा कॉलेजचा एक मित्र तिथे सर्व्हर सांभाळतो. नवीन फ्लॅटसाठी नळ घ्यायला दुकानात आला होता, तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, तुमच्याकडे शंभर जण एकच सर्व्हर वापरतात. पासवर्ड सगळ्यांना देता का?"

तो हसला. म्हणाला, "सर्व्हरचं सगळ्यात मोठं खातं असतं, त्याला 'रूट' म्हणतात. त्याला सगळ्याची परवानगी. पूर्वी त्याचा पासवर्ड सगळ्या ॲडमिनना माहीत असायचा. मग कुणी काय बिघडवलं ते कळायचंच नाही."

म्हणजे माझ्या दुकानासारखंच!

त्याने पुढे सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास 'सुडू' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम तयार झाला. नाव ऐकून मला वाटलं, कुणावर तरी सूड घ्यायचाय! पण काम साधं आहे. मोठ्या खात्याचा पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही. प्रत्येकाने आपल्या नावाने आत यायचं. मोठ्या अधिकाराचं काम करायचं असेल तर आधी यादीत तपासलं जातं: या माणसाला हे काम करायची परवानगी आहे का? असेल तर तो स्वतःचाच पासवर्ड टाकतो, काम होतं, आणि कुणी, कधी, काय केलं याची नोंद राहते. चाळीसहून जास्त वर्षं झाली, लिनक्सच्या सर्व्हरवर आजही ही पद्धत चालते.

यातून आपल्याला चार नियम मिळतात. माझ्या काउंटरच्या मागे मी ते लिहून लावलेत, जिथे पूर्वी पासवर्डची चिठ्ठी होती:

१. खातं दुकानाचं, पण आत येणारा स्वतःच्या नावाने येईल.
२. ज्याचं जेवढं काम, तेवढीच त्याला परवानगी.
३. कुणी काय केलं याची नोंद राहील आणि ती बघितली जाईल.
४. काम संपलं की किल्ली परत.

आता हे आपल्या दुकानात कसं करायचं?

चांगली बातमी अशी की बहुतेक ठिकाणी ही सोय आधीपासून आहे, फुकट आहे. आपण ती उघडूनच बघत नाही.

*बिलिंग आणि हिशोब.* टॅली प्राइमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं वेगळं युजरनाव करता येतं आणि कुणी काय करायचं ते ठरवता येतं. कॉम्प्युटर एकच असला तरी चालतं. काउंटरच्या मुलाला बिल करायची परवानगी द्या, बिल रद्द करायची आणि जुनी तारीख टाकायची देऊ नका. रद्द करायचं असेल तर तो तुम्हाला हाक मारेल. नोंदीत केलेले बदल दाखवणारा एडिट लॉगही असतो. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांना असा बदलांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं कायद्याने बंधनकारक झालंय. तुमची कंपनी नसेल, एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर सक्ती नाही. पण फायदा तोच आहे.

*ई-वे बिल.* या पोर्टलवर सब-युजर करायची सोय आहे. गोडाऊनच्या माणसाला त्याचा वेगळा युजर करून द्या. फक्त बिल बनवायचं, की गाडीचा नंबरही बदलायचा, ते तुम्ही ठरवता. त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. म्हणजे रात्री दहाला गाडी भरताना "दादा, ओटीपी आला का?" असा फोन नाही.

*व्हॉट्सॲप बिझनेस.* सिम तुमच्या नावावर हवं, हे सगळ्यात पहिलं. मुख्य फोन तुमच्या ताब्यात ठेवा. त्याशिवाय चार उपकरणं जोडता येतात, त्यातलं एक काउंटरवर जोडून द्या. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं की कुठे कुठे चालू आहे ते दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. सहा आकडी पिनचं दुहेरी कुलूपही लावून ठेवा.

*गूगलवरची दुकानाची नोंद.* इथे मालक आणि मॅनेजर असे वेगळे दर्जे आहेत. मॅनेजर फोटो टाकतो, वेळ बदलतो, उत्तरं देतो, पण दुसऱ्या कुणाला आत घेऊ शकत नाही. मुख्य मालक तुमचाच ईमेल हवा. कितीतरी जणांची नोंद मार्केटिंगवाल्या पोराने स्वतःच्या जीमेलवर केलेली असते. पोरगा बंगळुरूला गेला, की दुकानाचा पत्ता बदलायलासुद्धा त्याच्या मागे लागायचं.

*यूट्यूब.* आपल्या चॅनेलचंच सांगतो. माझा एडिटर व्हिडिओ चढवतो, पण माझा जीमेलचा पासवर्ड त्याला माहीत नाही. चॅनेलच्या परवानग्यांत जाऊन मी त्याला एडिटर केलंय. तो चॅनेल उडवू शकत नाही, कुणाला आत घेऊ शकत नाही. मलाही शांत झोप, त्यालाही.

*बँक आणि यूपीआय.* व्यापारी ॲपमध्ये स्टाफ जोडायची सोय आहे का बघा. काउंटरवरच्या माणसाला पैसे आल्याचं कळलं की पुरे, परत पाठवायचा अधिकार त्याला नको. चालू खातं असेल तर बँकेत जाऊन विचारा: एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय आहे का? घरातलेच दोघे असलात तरी करा.

जिथे वेगळं लॉगिन होतच नाही तिथे?

अशी खाती राहतातच. सीसीटीव्हीचा डबा, राउटर, एखादं जुनं पोर्टल, किंवा मघाशी सांगितलेलं मशीनचं खातं. तिथे पासवर्ड एकच असणार. मग निदान एवढं करा.

प्रत्येक खात्याला एक नावाचा जबाबदार माणूस ठरवा. पासवर्ड त्या खात्यापुरता वेगळा ठेवा, सगळीकडे एकच नको. चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. पासवर्ड मॅनेजर वापरा, तो येत नसेल तर वही कुलपात ठेवा. वहीत लिहा: हा पासवर्ड आज कुणाकुणाला माहीत आहे आणि तो शेवटचा कधी बदलला. मशीनच्या खात्याला फक्त त्याचं काम करण्याइतकीच परवानगी द्या. बॅकअप चढवणाऱ्या खात्याला जुने बॅकअप पुसायची परवानगी कशाला?

आणि एक लिफाफा करा. त्यात मुख्य खात्यांचे पासवर्ड आणि ओटीपी न आल्यास वापरायचे रिकव्हरी कोड लिहून बंद करा, वर सही करा, घरातल्या विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा. उद्या ताम्हिणीच्या घाटात माझी गाडी घसरली आणि मी महिनाभर दवाखान्यात पडलो, तर बायकोला मुलांचे पगार तरी करता आले पाहिजेत. सगळ्या किल्ल्या एकट्याच्या डोक्यात ठेवणं हाही धोकाच आहे.

बाहेरची माणसं

आपण दुकानातल्या मुलांवर नजर ठेवतो आणि बाहेरच्यांना विसरतो. वेबसाइटवाला, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सीसीटीव्ही बसवणारा, कर सल्लागाराच्या ऑफिसमधला मुलगा.

अमेरिकेत टार्गेट नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. २०१३ च्या शेवटी तिच्याकडून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत कसे आले? फ्रीज आणि एसीचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचं लॉगिन चोरून. एसीवाल्याचं काम एसीपुरतं. पण त्याच्या दाराने आत शिरलेला माणूस गल्ल्यापर्यंत पोचला.

म्हणून बाहेरच्या माणसाला वेगळं लॉगिन, कामापुरती परवानगी आणि शेवटची तारीख द्या. दुरुस्ती झाली की त्याच संध्याकाळी पासवर्ड बदला.

डिजिटल सहीबद्दल खास सांगतो. ती पेनड्राइव्हसारखी असते आणि बरेच जण पिनसकट सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये सोडून येतात. तुम्ही कोऱ्या चेकवर सही करून कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवाल का? ही तीच गोष्ट आहे. सल्लागार कितीही चांगला असू दे, सही आपल्याजवळ ठेवा आणि काम असेल तेव्हा घेऊन जा.

माणूस जातो त्या दिवशी

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागाला पेट्रोल-डिझेल पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली. पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने खंडणी म्हणून ७५ बिटकॉइन दिले, तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर. हल्लेखोर आत शिरले ते बाहेरून जोडणी करायच्या एका जुन्या खात्यातून. ते वापरात नाही असं कंपनीला वाटत होतं. खातं जिवंत होतं, पासवर्ड चालू होता, ओटीपीसारखं दुसरं कुलूप नव्हतं.

आपल्याकडे माणूस सोडून गेला की आपण शटरची किल्ली आठवणीने परत घेतो. लॉगिनची घेत नाही. आता असं करा: कामावर घेताना ज्या कागदावर त्याला दिलेल्या परवानग्या लिहिल्या, तोच कागद जाताना बाहेर काढा. एकेक बंद करा. जे पासवर्ड त्याला माहीत होते ते बदला. व्हॉट्सॲपचं जोडलेलं उपकरण काढा. ओटीपीचा नंबर तपासा. त्याच्यासमोर करा आणि त्यालाही सही करायला सांगा. उद्या काही झालं तर त्याचं नाव येणार नाही, हा त्याचा फायदा.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण स्वतःच चिठ्ठी चिकटवलेली असेल तर कुणाविरुद्ध तक्रार करणार? पैसे गेलेच असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

"पण दादा, मुलांना वाईट वाटेल"

हा प्रश्न मला प्रत्येक शिबिरात येतो. "इतकी वर्षं विश्वासाने चाललंय, आता वेगवेगळे पासवर्ड केले तर वाटेल, मालकाला संशय आला."

खरं सांगू? मलाही तीच भीती होती. म्हणून मी सगळ्यांना चहाला बसवलं आणि झालेली गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. म्हणालो, "यापुढे कुणावर आळ आला तर त्याला सांगता आलं पाहिजे की ते मी केलेलं नाही, हे बघा. त्यासाठी हे करतोय." आणि पहिलं वेगळं लॉगिन मी माझं स्वतःचं केलं. रोजच्या बिलांसाठी मीसुद्धा आता ॲडमिनने आत जात नाही. माझ्या नावापुढेही नोंद उमटते. कुणाला वाईट वाटलं नाही. उलट हिशोबाच्या ताई म्हणाल्या, "बरं झालं, मला रात्री झोप लागेल."

त्या मुलाला भेटायला मी गेलो होतो. घोटावडे फाट्याजवळ एका दुकानात तो आता काम करतो. माफी मागितली, थांबलेला पगार दिला, परत ये म्हणालो. त्याने चहा पाजला. म्हणाला, "दादा, पासवर्ड तुम्हीच लावला होता ना भिंतीला. मग मी काय दाखवणार होतो?" परत आला नाही. मी आग्रहही केला नाही. तो हक्क मी घालवला होता.

आजचा गृहपाठ

एक. वर सांगितलेली यादी आज रात्री लिहून काढा. दुकान उघडायचं असेल अजून, तर उत्तमच, पहिल्या दिवसापासून नीट होईल.

दोन. ज्या खात्यातून पैसे किंवा बिलं हलतात, असं एक खातं निवडा आणि रविवारच्या आत त्यात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करा. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, अर्धवट राहतं.

तीन. सोडून गेलेल्या माणसांची नावं आठवा आणि त्यांची किल्ली कुठे राहिलीय ते शोधा.

चार. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा मिनिटं काढून रद्द झालेल्या बिलांची यादी आणि हजेरीची वही शेजारी ठेवून बघा. मी ते आठ महिने उशिरा केलं.

पुढच्या व्हिडिओत बॅकअपबद्दल बोलू. तोवर मॉनिटरच्या कडेची ती चिठ्ठी काढा. आत्ताच, हा लेख बंद करायच्या आधी.

भेटू या!